सर्व ठीक

मी अकरा वर्षं वॉचमन होतो. 2006 च्या जूनपासून 2017 च्या मे महिन्यापर्यंत. कागदावर ‘सुरक्षा रक्षक’ असं लिहिलेलं असायचं, पण त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. ‘ए वॉचमन’, नाहीतर ‘काका’. अकरापैकी नऊ वर्षं तरी रात्रपाळीत गेली. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. त्यावर काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. गेटवर बसून राहिलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं असणार काय? पण एक रात्र आहे. ती सांगायची तर आधीच्या रात्रीही सांगाव्या लागतात.

राखण हे काम मला गेटवर जाऊन शिकावं लागलं नाही. आमच्या रत्नागिरी तालुक्यात भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात. एका रात्रीत अर्धा मळा लोळवून जातात. खातात थोडं, तुडवतात जास्त. म्हणून बाबा मळ्याच्या कडेला माळा बांधायचे. चार मेढी, वर बांबूचा तट्ट्या, त्यावर पेंढा. खाली आगटी पेटवायची. मी दहा वर्षांचा असताना बाबांनी मला पहिल्यांदा माळ्यावर नेलं. रॉकेलचा रिकामा डबा आणि एक दांडकं हातात दिलं.

“झोप आली तर झोप,” ते म्हणाले, “पण कान झोपवू नको. डुक्कर डब्याला भीत नाय. कुणीतरी जागं हाय, याला भितो.”

मी विचारलं, “आणि दोघांनापण झोप लागली तर?”

“मग तो हाय ना!” असं म्हणून त्यांनी वरच्या अंगाला, आइनाच्या झाडाकडे हात केला. तिथे आमच्या जागेचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ देतात. त्यालाही आम्ही ‘राखण देणं’ म्हणतो. पुढे गेटवर बसल्या बसल्या त्याची आठवण यायची आणि हसू यायचं. वर्षाला एक कोंबडा, एक नारळ, सुट्टी नाही, रिलीव्हर नाही. आमच्यापेक्षा त्याची नोकरी अवघड.

मी 1976 ला दहावी पास झालो. दहावीची परीक्षा नवी सुरू होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. वाडीतले माझ्या बरोबरीचे सगळे मुंबईला गेले. मी धाकटा, आई-बाबांजवळ राहिलो. भावाभावांत वाटण्या झाल्यावर वाट्याला आला वीस गुंठे मळा, थोडं वरकस आणि कातळाच्या कडेला हापूसची तीस कलमं. ऐकणाऱ्याला वाटतं, रत्नागिरीत तीस हापूस म्हणजे बागायतदारच. पण हापूस हे लाडावलेलं पोर आहे. थंडी पडली नाही तर मोहोर नाही. मोहोर आला तर तुडतुडा. तुडतुड्यासाठी फवारणी करून निभावलं, तरी कधी पाठोपाठ पुन्हा मोहोर फुटतो आणि झाडावरची आधीची बारीक फळं गळून जातात. यातून जे वाचलं ते मेमध्ये तयार होतं, तेव्हा पेटीचा दर उतरलेला असतो. औषधाच्या दुकानाचं बिल मात्र उतरत नाही. लागोपाठ दोन वर्षं तोट्यात गेल्यावर मी कलमं कराराने देऊन टाकली. व्यापारी वर्षाची ठरलेली रक्कम हातात ठेवतो. पुढचं सगळं त्याचं.

मुलगा तेव्हा आठवीत, मुलगी सहावीत. भात घरात खायला पुरायचं, विकायला नाही. वाडीतला एकजण रत्नागिरीत एका सिक्युरिटी एजन्सीत होता. त्याने नेलं. साहेबांनी विचारलं, “दारू पिता?” “नाही.” “लिहिता येतं?” “दहावी पास आहे.” “मग उद्यापासून या.” हातात महिना 2,400 रुपये. ड्रेस, बेल्ट, टोपी, बूट यांचे पैसे पहिल्या चार पगारांतून कापून घेतले.

ट्रेनिंग म्हणजे सॅल्यूट कसा मारायचा आणि रजिस्टर कसं भरायचं. अर्धा तास. बऱ्याच वर्षांनी एका शिकलेल्या पोराने सांगितलं की, खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 साली केंद्राचा कायदा आलेला आहे. त्याच्या नमुना नियमांत रक्षकाला शंभर तास वर्गात आणि साठ तास मैदानात शिकवायचं असं आहे. मी म्हटलं, “एकशे साठ तास? तेवढ्यात आमची लावणी उरकते.” मुंबईकडे तर 1981 च्या कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळच झालेलं. तिथे रक्षकाचं नाव मंडळात नोंदलेलं असतं आणि पगार मंडळामार्फत होतो. आमची नोंद एजन्सीच्या वहीत. ती वही एजन्सीच्या टेबलाच्या खणात.

पहिली तीन वर्षं मिरजोळे एमआयडीसीत एका चालू कंपनीच्या गेटवर काढली. तिथे रात्र कळायची नाही. मासळीच्या गाड्या यायच्या, बर्फाच्या यायच्या. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सगळं लिहायचं. सेकंड शिफ्टच्या बायका साडेअकराला सुटायच्या. त्यांच्या पिशव्या तपासायला एक बाई गार्ड असायची. ती आली नाही तर मी पिशवीकडे न बघताच ‘जा’ म्हणायचो. आपल्या लेकीच्या वयाच्या पोरींच्या डब्यात काय बघायचं?

मग मला दुसऱ्या पॉइंटवर टाकलं. ती कंपनी बंद पडलेली होती. कर्जासाठी बँकेने सील केलेली. आत शेड, शेडमध्ये मशिनं, मशिनांवर गंज. पत्र्याच्या पन्हळीत पिंपळ उगवलेला. चोर यायचे ते तांब्याच्या केबलीसाठी. म्हणून रात्रीचा एक माणूस, दिवसाचा एक. रात्रीचा मी.

बंद कंपनीची राखण अवघड, हे मला तिथे कळलं. चालू ठिकाणी गाड्या जागं ठेवतात. इथे जागं ठेवायला काही नाही. एक ट्यूबलाइट, एक प्लास्टिकची खुर्ची, दोन कुत्री आणि रजिस्टर. दर तासाला आतून एक फेरी मारायची आणि रजिस्टरात वेळ घालून लिहायचं, ‘सर्व ठीक’. खाली सही. रात्रीत बारा वेळा. अकरा वर्षांत मी हे दोन शब्द किती वेळा लिहिले असतील, हिशेब केला नाही. मोडी शिकणाऱ्याने अक्षर घोटावं तसे ते हाताला बसले होते.

रात्रीचे दोन वाजेपर्यंत माणूस माणसासारखा असतो. तीन ते साडेचार हा वेळ वाईट. अंगात थंडी भरते, उन्हाळा असला तरी. डोळे उघडे असतात आणि समोरचं दिसत नाही. मी उभा राहायचो, तोंडावर पाणी मारायचो, चुनाळ्यातला चुना जिभेला लावायचो. गावातल्या सगळ्या घरांची नावं खालच्या वाडीपासून वरच्या वाडीपर्यंत मनात म्हणायचो. कोणाच्या घरात किती माणसं, त्यातली मुंबईला किती, घराला कुलूप कोणाच्या. बंद घरं मोजता मोजता झोप उडायची.

सकाळी आठला रिलीव्हर यायचा. आला तर. नाही आला की तसंच पुढे रात्रीपर्यंत. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ आलं तेव्हा मी असाच अडकलो. आदल्या संध्याकाळपासून ड्युटीवर होतो, दिवसाचा माणूस आलाच नाही. शेडवरचे पत्रे कागदासारखे उडत होते आणि मी केबिनचं दार पाठीने दाबून उभा होतो. मिरकरवाड्याच्या बंदरात बायका आपल्या माणसांच्या होड्यांची वाट बघत उभ्या आहेत, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वादळात समुद्रावर गेलेले कितीतरी परत आलेच नाहीत. मी घरी पोचलो तर आमची उडवी ताडपत्रीने गच्च बांधलेली. वर दगड, वर फाटे. बायकोने आणि लेकीने वाऱ्यात उभं राहून बांधली होती. बायकोच्या हाताला दोरीने कापलं होतं. मी म्हटलं, “कोणाला तरी बोलवायचंस.” ती म्हणाली, “कोणाला? सगळे आपापल्या उडवीवर होते.”

हे तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

घरी आल्यावर माझं झोपणं म्हणजे सगळ्या घराला शिक्षा. नऊ-साडेनऊला पेज जेवून मी पडवीत आडवा व्हायचो. मग रेडिओ नाही, मोठ्याने बोलणं नाही, अंगणात कोंबड्यांना ‘हाड’ म्हणणंसुद्धा हळू. दोन वाजता उठायचो, शेतातलं हाताला लागेल ते करायचो, पाचला आंघोळ करून साडेपाचच्या एसटीला उभा. शिमग्यात पालखी घरी यायची त्या दिवशीदेखील मी कितीदा नसायचो. गाऱ्हाणं घालताना गुरव घरातल्या कर्त्या पुरुषाला पुढे बोलावतो. आमच्याकडे मुलगा पुढे व्हायचा.

आमच्या कलमांत व्यापाऱ्याने नेपाळी ठेवला होता. रत्नागिरीत आता ही नवलाई नाही. दिवाळीच्या आगेमागे ते येतात, बागेत खोपी करून राहतात. फवारणी करतात, झाडावर चढतात, घळाने आंबा काढतात, रात्री राखण करतात आणि पावसाच्या तोंडावर गावी जातात. आम्ही सगळ्यांनाच ‘बहादूर’ म्हणतो. याचं खरं नाव मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही त्याने फोनवर कोणाला तरी सांगितलं म्हणून. मला लाज वाटली. मलाही गेटवर नाव नव्हतं.

एका रविवारी सुट्टी होती म्हणून मी त्याच्या खोपीशी जाऊन बसलो. त्याने काळा चहा केला. पश्चिम नेपाळातल्या डोंगरात त्याचं गाव. मी विचारलं, “तिकडे शेती आहे?” तर म्हणाला, आहे, मका आहे. माकडं फार येतात, डुकरंही येतात. “मग राखण कोण करतं?” तो हसला. म्हणाला, “बायको.”

मी त्या कंपनीचं गेट राखत होतो. माझी कलमं तो राखत होता. त्याचा मका त्याची बायको राखत होती आणि माझं भात माझी. आम्हा दोघांना पगार होता. त्या दोघींचं नाव कोणत्या मस्टरवर नव्हतं. हे मला त्या दिवशी दिसलं. पण दिसणं वेगळं आणि उठून काही करणं वेगळं. चहा पिऊन मी घरी आलो आणि झोपलो.

आता ती रात्र.

2011 चं साल. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. भात कापणीला आलेलं. मुलगा शिकायला चिपळूणला होता, घरात बायको आणि लेक दोघीच. माळा बांधायला मला सवड झाली नव्हती. बायको रात्री दहाच्या सुमाराला बॅटरी आणि डबा घेऊन मळ्यापर्यंत जाऊन यायची, पहाटे पुन्हा एकदा. त्या रात्री बांधावरून उतरताना तिला पायाला चटका बसला. बॅटरी मारली तर फुरसं. वीतभर, पण वेटोळं करून अंगावर अंग घासत करवतीसारखा आवाज करत होतं.

फुरसं म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. इंग्रजांच्या राज्यात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणलं की सरकार बक्षीस द्यायचं, इतकी ती होती. कातळावर, गडग्याच्या फटीत, गवताच्या भाऱ्यात, कुठेही. नागासारखा लगेच जीव घेत नाही म्हणून लोक हलक्यात घेतात, इथेच चुकतं. त्याचं विष रक्त गोठू देत नाही. माणूस बोलतोय, चालतोय, आणि आत रक्त पातळ होत चाललंय.

लेकीचा फोन आला तेव्हा अकराला दहा कमी होते. रडत नव्हती. शेजारच्या पोराने शहाणपण केलं, मंत्र घालणाऱ्याकडे जायचं नाव कोणाला काढू दिलं नाही. जखमेवर ब्लेड मारू दिलं नाही. गाडी काढली आणि सरळ रत्नागिरीच्या सिव्हिलकडे निघाले. लेक म्हणाली, “बाबा, आम्ही हातखंब्याला पोचतोय. तुमी या.”

हातखंब्याकडून रत्नागिरीत शिरणारा रस्ता कुवारबाववरून जातो. माझ्या गेटपासून तो हमरस्ता लांब नाही. रात्री गाड्यांचे दिवे दिसायचे. मी गेटबाहेर येऊन उभा राहिलो. एक दिवा गेला, दुसरा गेला. त्यातल्या एका गाडीत ती असणार. सिव्हिल तिथून पाच-सहा किलोमीटर. चालत गेलो असतो तरी तास-सव्वा तास. पळत गेलो असतो तर त्याहून कमी.

मी सुपरवायझरला फोन लावला. त्याने दुसऱ्या वेळेला उचलला. सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, आता रात्री माझ्याकडे माणूस नाही. बघा, तुमच्यावर आहे.”

गावात सगळ्यांना वाटतं की, सुपरवायझरने मला सोडलं नाही. भावांना तसंच वाटतं, लेकाला तसंच वाटतं. मीच तसं सांगत आलो. “सोडीनात, काय करणार?” असं म्हटलं की लोक एजन्सीला शिव्या घालतात आणि विषय संपतो. आज इथे लिहून ठेवतो. त्याने मला अडवलं नव्हतं. ‘तुमच्यावर आहे’ असं म्हणाला होता. मी गेलो नाही.

का गेलो नाही, हे पुष्कळदा स्वतःला विचारलं. आदल्या आठवड्यात दुसऱ्या पॉइंटवरचा एकजण झोपलेला सापडला होता, त्याला त्याच रात्री घरी पाठवलं होतं. मुलाची फी भरायची होती. पतपेढीचा हप्ता होता. ही कारणं खरी आहेत. पण त्या रात्री एवढा हिशेब मी केलाच नव्हता. मी फक्त कुलुपाकडे बघत होतो. बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं, राखणीवरून उठायचं नाही. ते माझ्या हाडात होतं. कोणाची राखण, कशाची राखण, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आतली मशिनं गंजून गेलेली. त्यांना कोणी नेलं असतं तर माझं काय जात होतं? आणि तिकडे जी होती, तिचं कोण होतं?

तासाला लेकीचा फोन येत होता. सिव्हिलमध्ये पोचल्यावर काचेच्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटं न हलवता ठेवलं. गोठलं नाही. म्हणजे विष चढलंय. सर्पविषाचं औषध सलाईनमधून सुरू केलं. तिला थंडी वाजून आली, औषध मध्ये थांबवावं लागलं, परत सुरू केलं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. सहा तासांनी पुन्हा रक्त बघणार होते. लेक एवढंच सांगायची आणि फोन ठेवायची. ‘तुमी या’ असं ती पहिल्या फोननंतर एकदाही म्हणाली नाही.

मी दर तासाला फेरी मारत होतो. कुत्री मागून येत होती. चांदणं होतं, शेडच्या फुटक्या पत्र्यातून मशिनांवर पडलं होतं. फेरी मारून आलो की रजिस्टर उघडायचो. अकरा वाजता, सर्व ठीक. बारा वाजता, सर्व ठीक. एक वाजता, सर्व ठीक. तीन वाजता माझा हात लिहिताना कापत होता, ते अक्षर वाकडं आलं होतं. सही मात्र केली.

त्या रात्री मला झोप आली नाही. अकरा वर्षांत ती एकच रात्र अशी की, तीन ते साडेचार मला कळलेदेखील नाहीत.

सकाळी रिलीव्हर आठला यायचा तो आठ-वीसला आला. मी त्याला चावी दिली आणि ड्रेसवरच रस्त्यापर्यंत पळालो. रिक्षा मिळाली. वॉर्डात शिरलो तर ती खाटेवर टेकून बसली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. लेक स्टुलावर बसल्या बसल्या खाटेच्या कडेवर डोकं ठेवून झोपली होती. बायकोने माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं. आवाज पार बसला होता.

“सुटली ड्युटी?” तिने विचारलं.

रोज सकाळी मी घराच्या पायरीवर बूट काढायला बसलो की ती हेच विचारायची. त्याच आवाजात विचारलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी “हो” म्हटलं आणि उभा राहिलो.

दुसऱ्या तपासणीला रक्त गोठलं. चार दिवसांनी ती घरी आली. पायाची सूज उतरायला महिना लागला, आणि पावसाळ्यात तो पाय अजून ठणकतो. त्या चार दिवसांत डुकरांनी मळा उतरून खाल्ला. निम्मं भात गेलं. गेलं त्याचं तिला जास्त वाईट वाटलं, मला कमी. त्या चार दिवसांचा पगार कापला गेला, नोकरी गेली नाही. म्हणजे त्या रात्री उठून गेलो असतो तरी ती कदाचित गेली नसती. हे आणखी वाईट.

त्यानंतर मी सहा वर्षं तिथेच नोकरी केली. कोणाला वाटेल, एवढं झाल्यावर माणूस सोडून देईल. सोडून कुठे जाणार? मुलाचं शिक्षण झालं, लेकीचं लग्न झालं, घरावर कौलांच्या जागी पत्रे आले. हे सगळं त्या गेटवरून आलं, ते नाकारत नाही. गेटवरच्या माणसाला लोक फार तर झोपलेला बघतात. तो कशासाठी जागा असतो, ते कोणी विचारत नाही. रात्री कुठल्या इमारतीच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या दारात असा कोणी दिसला तर एवढं लक्षात ठेवा की, त्याचंही एक दार कुठेतरी आहे, आणि तिथे या वेळी दुसरंच कोणीतरी जागं आहे.

2017 ला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रात्रपाळी बंद करा. मी ड्रेस परत करायला गेलो तर म्हणाले, “ठेवा काका, पैसे तुमचेच कापलेत.” तो शर्ट पुढे फवारणीला वापरला.

आता मी परत मळ्यावर आहे. डुकरं पूर्वीपेक्षा वाढलीत, माणसं कमी झालीत. घरांना कुलपं, शेतं पड. पड शेतात रान माजतं आणि रानात डुकरं राहतात. काहींनी सौर कुंपण घातलंय. मी अजून माळाच बांधतो. दसऱ्यापासून कापणीपर्यंत रात्री मी तिथे असतो. जाताना गमबूट घालतो, आणि बांधावर पाय ठेवण्याआधी बॅटरी मारतो. बायकोला मी रात्री मळ्यावर येऊ देत नाही. एवढंच आता माझ्या हातात आहे. त्या रात्रीची भरपाई त्याने होत नाही, हे मला माहीत आहे. तिच्याजवळ मी तो विषय एकदाच काढला, दोन वर्षांपूर्वी, भात झोडताना. सुपरवायझर काय म्हणाला होता ते खरं खरं सांगितलं. ती पेंढी झोडत राहिली. मग म्हणाली, “मला तवाच कळलेलं. तुमाला कोणी धरून ठेवलं असतं तर तुमी तोंड वर करून आला असतात.”

पुढे काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ती भारा संपेपर्यंत झोडत होती, मी पेंढ्या बाजूला रचत होतो.

सकाळी उजाडता उजाडता मी माळ्यावरून उतरून घरी येतो. पायरीवर बसून गमबूट काढतो. आत चुलीवर पेज शिजत असते. ती तिथूनच विचारते, “सुटली ड्युटी?”

मी रोज सांगतो, “नाय अजून.”